प्रस्तावना : खाऱ्या हवेतली जुनी व्हॅन

दहा-पंधरा वर्षांची झालेली आणि अजूनही जिच्यावर घर चालते अशी मोठी व्हॅन ज्यांच्या दारात उभी असते, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. वसई-विरारमध्ये अशी दारे पुष्कळ आहेत. वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांतून सुटे भाग आणि प्लास्टिकचा माल उचलणारे, अर्नाळा आणि पाचूबंदरची मासळी बाजारात पोचवणारे, पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांतली भाजी-फुले मुंबईला नेणारे, लग्नसराईत मंडपवाल्याचा आणि केटररचा पसारा वाहणारे, कारखान्यांच्या पाळ्यांवर कामगारांची ने-आण करणारे, या सगळ्यांचा धंदा चार चाकांवर उभा असतो. त्यांतल्या अनेकांनी गाडी सेकंडहँडच घेतलेली असते. नवी घ्यावी तर पुन्हा कर्जाचे हप्ते सुरू होतात आणि जुनी विकावी तर हाती मोडीचे मोल येते. मग उरते ते आहे ती गाडी शहाणपणाने चालवणे. ते परवडेल की नाही, हे गाडीच्या वयापेक्षा मालकाला तिची दुखणी कितपत कळतात यावर ठरते.

दुखणी कळायची तर आपली गाडी कोणत्या घराण्यातली आहे हे आधी माहीत हवे. महाराष्ट्रातल्या मोठ्या व्हॅनची कुळकथा पुण्यापाशी येते. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोची उभारणी केली. तीनचाकी हॅन्सिट, मग चारचाकी मॅटाडोर आणि १९८७ पासून टेम्पो ट्रॅव्हलर असा हा प्रवास झाला. ट्रॅव्हलरचा आराखडा मर्सिडीजच्या टी-१ या युरोपीय व्हॅनवरून घेतलेला, आणि जुन्या गाड्यांतले डिझेल इंजिन डायमलर-बेंझच्या ओएम ६१६ च्या वंशातले. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले आणि पुढे २,५९६ सीसीचे कॉमन रेल इंजिन आले. टाटांची विंगर २००७ मध्ये रस्त्यावर आली. तिचे मूळ रेनॉच्या ट्रॅफिक या फ्रेंच व्हॅनमध्ये आहे.

या वंशावळीचा गॅरेजात रोज उपयोग होतो. जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज जवळजवळ नसते. बॅटरी मरतुकडी असली तरी धक्का मारून सुरू केलेली गाडी घरी पोचते. कॉमन रेल इंजिनाचे तसे नाही. त्याचा संगणक, सेन्सर आणि इंजेक्टर यांना ठरावीक दाबाची वीज मिळालीच पाहिजे, नाहीतर चांगले इंजिनही आजारी भासते. ट्रॅव्हलरची मागची चाके गाडी ढकलतात, म्हणून तिच्यात प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस आणि मधले बेअरिंग झिजते. विंगरची पुढची चाके गाडी ओढतात, म्हणून तिथे अॅक्सलच्या जॉइंटवरचे रबरी बूट फाटतात, ग्रीस उडून जाते, आत वाळू शिरते आणि वळण घेताना कटकट आवाज येऊ लागतो. शेजाऱ्याच्या गाडीला जे औषध लागू पडले ते आपल्या गाडीला पडेलच असे नाही, याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण रस्त्याचे आणि हवेचे आहे, आणि या पुस्तिकेचा सगळा रोख त्याच्यावर आहे. कंपनीच्या पुस्तिकेतले देखभालीचे वेळापत्रक किलोमीटरमध्ये असते. इतक्या किलोमीटरला ऑइल, इतक्याला फिल्टर, इतक्याला कूलंट. सरळ महामार्गावर धावणाऱ्या गाडीला ते पुरते. वसई-विरारच्या गाडीला ते पुरत नाही, कारण इथले इंजिन पुष्कळ वेळ गाडी जागेवर असतानाही चालू असते. वसई फाटा, वर्सोवा पूल, काशिमिरा, घोडबंदर रस्ता आणि गायमुखचा चढ, या टप्प्यात अडकलेल्या चालकाला हे सांगायला नको. वसईच्या खाडीवरचा नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला, पण त्यानंतर महामार्गाच्या काँक्रिटीकरणाने पुन्हा रांगा लावल्या. अशा रांगेत दोन तासांत गाडी पाच किलोमीटर सरकते. मीटरवर पाच किलोमीटर पडतात आणि इंजिनाच्या अंगावर दोन तास.

या तासांचा हिशेब परदेशात केव्हाच मांडला गेला आहे. अमेरिकेत पोलिसांच्या गाड्या तासन्तास इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. त्यांच्यासाठी फोर्ड कंपनीने दिलेला ठोकताळा असा, की रिकामे इंजिन एक तास चालले तर ते ३३ मैल, म्हणजे सुमारे ५३ किलोमीटर धावल्यासारखे धरावे. हाच ठोकताळा वसईच्या व्हॅनला लावून पाहा. रोज दोन तास कोंडीत आणि महिन्याला पंचवीस दिवस काम धरले तर पन्नास तास होतात. म्हणजे मीटरवर न दिसणारे अडीच हजारांहून अधिक किलोमीटर दर महिन्याला इंजिनात जमा होतात. आकडा तंतोतंत मानू नये, पण दिशा बरोबर आहे. दहा हजार किलोमीटरला बदलायचे ऑइल आपण मीटर पाहून बदलत असू, तर ते फार उशिरा बदलत आहोत.

तासांखेरीज आणखी दोन गोष्टी मीटरला दिसत नाहीत. एक, मीठ. वसईच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि मधोमध मिठागरे. हवेतले मीठ लोखंडावर, तांब्यावर आणि अॅल्युमिनियमवर बसते, आणि ते स्वतः ओल ओढून घेत असल्याने पाऊस नसतानाही धातू ओलाच राहतो. दुसरी गोष्ट, पावसाळा. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या सखल भागात गाडी पाण्यातून नेण्याचा प्रसंग दरवर्षी येतो. जुलै २०१८ मध्ये तर वसई आणि विरारच्या दरम्यान रेल्वेच थांबली होती आणि मिठागरांत अडकलेल्या माणसांना बाहेर काढावे लागले होते. तेव्हा या पुस्तिकेचे सांगणे असे आहे, की आपल्या गाडीचे वय तीन मापांनी मोजावे : उभ्या इंजिनाचे तास, खाऱ्या हवेतली वर्षे आणि पाण्यातून काढलेले पावसाळे. किलोमीटर हे चौथे माप आहे, आणि ते शेवटी येते.

या मापांनी पाहिले की नेहमीचे बिघाड एका ओळीत लागतात. पहिला इंजिन तापण्याचा. धावत्या गाडीच्या रेडिएटरला वारा आयता मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. म्हणून गाडी कधी तापते हे नीट पाहिले तर निम्मे निदान तिथेच होते. कोंडीत काटा वर जातो आणि गाडी मोकळी धावू लागली की खाली येतो, तर संशय पंख्यावर धरावा. अनेक डिझेल व्हॅनमध्ये पंखा व्हिस्कस कपलिंगवर असतो. त्यातले सिलिकॉन तेल गळून गेले की पंखा फिरताना दिसतो, पण पुरेशी हवा ओढत नाही. गरम इंजिन बंद करून, चावी खिशात टाकून पंखा हाताने फिरवावा. त्याने अडून थांबले पाहिजे. सहज दोन-चार फेरे घेत असेल तर कपलिंग गेले. कोंडीत ठीक पण चढावर किंवा भरल्या गाडीने वेग धरला की तापते, तर रेडिएटरच्या नळ्या बुजल्या आहेत, पाण्याचा पंप थकला आहे किंवा पट्टा घसरतो आहे. सुरू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि होज पाइप दगडासारखा कडक होतो, तर हेड गॅसकेट उडाले असण्याची शक्यता मोठी.

या बिघाडाचे इथले खास कारण पाण्यात आहे. पश्चिम पट्ट्यातल्या कित्येक विहिरींचे आणि बोअरचे पाणी मचूळ आहे. ते रेडिएटरमध्ये ओतले की आत क्षार साचतात आणि हेड अॅल्युमिनियमचे असेल तर ते आतून खाल्ले जाते. कूलंट महाग म्हणून साधे पाणी, आणि साधे पाणी म्हणजे जवळच्या विहिरीचे, अशी ही घसरण असते. क्षारविरहित पाण्यात निम्म्याने मिसळलेले कूलंट हा हेडच्या दुरुस्तीपेक्षा फार स्वस्त सौदा आहे. रेडिएटरच्या झाकणाकडेही असेच दुर्लक्ष होते. त्यातली स्प्रिंग सुमारे ०.९ बार दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी १०० ऐवजी जवळपास ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली पडली की तेच पाणी आधीच उकळून बाहेर येते आणि बिचाऱ्या रेडिएटरवर खापर फुटते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून टाकण्याची पद्धतही अनेक गॅरेजात आहे. त्याने मूळ दोष झाकला जातो, इंजिन थंडच चालत राहते, डिझेल जास्त जाते आणि झीज वाढते.

कोंडीचा दुसरा बळी क्लच. भरलेली गाडी अर्ध्या क्लचवर इंच इंच सरकवणे ही क्लच प्लेटची सगळ्यात मोठी शिक्षा. वासाने, घसरणाऱ्या चढाने आणि पेडल वर येऊन धरण्याने ती कळते. पण गिअर अडतो म्हणून लगेच प्लेट बदलू नये. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत वरच्या किंवा खालच्या सिलिंडरमधून तेल झिरपत असेल तरीही गिअर असाच अडतो, आणि त्याचा खर्च प्लेटच्या मानाने किरकोळ असतो. ट्रॅव्हलरमध्ये गाडी उचलताना खालून ठक् असा आवाज आला तर क्रॉस पाहावा. ठरावीक वेगाला गाडी थरथरत असेल तर मधले बेअरिंग आणि शाफ्टचा तोल पाहावा. मागच्या पाट्यांचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट यांना मीठ आणि ओझे दोन्ही खातात. एक पाटा तुटला की गाडी एका बाजूला कलते, आणि मग टायरची एकतर्फी झीज पाहून मालक उगाच अलाइनमेंट करून घेतो.

ब्रेकच्या बाबतीत विलंबाला जागा नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ दर्जाचे कोरे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. वसईच्या हवेत ओल शोषायला वेळ लागत नाही. घाट उतरताना पेडल अचानक मऊ पडते ते पुष्कळदा यामुळे. दोन वर्षांत एकदा, मीटर काहीही दाखवो, हे ऑइल पूर्ण बदलावे. मासळी वाहणाऱ्या गाड्यांत बर्फाचे खारे पाणी फटींतून गळून मागच्या ड्रमपर्यंत, ब्रेकच्या नळ्यांपर्यंत आणि हँडब्रेकच्या केबलपर्यंत जाते. त्या नळ्या वरून रंगवलेल्या असल्या तरी खालून बोट फिरवून पाहाव्यात.

ब्रेकचा विषय आपोआप विजेकडे नेतो. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत हा पंप डायनामोच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो आणि त्याला इंजिनाचे ऑइल मिळते. पंपाचे सील झिजले की ते ऑइल डायनामोत उतरते, ब्रश आणि स्लिप रिंग बरबटतात आणि चार्जिंग कमी होते. मालकाला एकाच आठवड्यात ब्रेक जड झाल्याचे आणि बॅटरी उतरल्याचे दिसते. ही दोन दुखणी वेगळी समजून तो दोन गॅरेजांत जातो आणि दोन्हीकडे पैसे मोजतो. जुन्या गाडीत असे जोडबिघाड फार असतात. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक बिघाडाच्या प्रकरणाखाली त्याच्याबरोबर आणखी काय पाहायचे हे दिले आहे.

विजेच्या बिघाडांना इथे सर्वांत जास्त पाने दिली आहेत. जुन्या व्हॅनच्या मालकाचे सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथेच. सेल्फ मारला की कट् असा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही, हे नेहमीचे दृश्य घ्या. आधी बॅटरी बदलली जाते. मग सेल्फची दुरुस्ती होते. मग डायनामो उतरवला जातो. शेवटी कोणीतरी बॅटरीपासून बॉडीकडे आणि इंजिनापासून चासीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी उघडतो आणि ती गंजलेली निघते. गणित साधे आहे. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ २०० अँपिअर आणि त्याहूनही जास्त वीज ओढतो. गंजलेल्या सांध्यात एक शतांश ओहम एवढाच अडथळा असला तरी २०० अँपिअरला तिथेच दोन व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरी नवी असली तरी सेल्फला उरलेल्या दहा व्होल्टवर काम करावे लागते. त्याच सांध्यातून दिव्याला दोन-चार अँपिअर वीज मात्र निर्धास्त जाते, म्हणून दिवे लख्ख लागतात आणि सगळे चक्रावतात.

हे शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. त्याहून कमी दिसले तर डायनामो, पट्टा किंवा कट-आउट, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, पाहावे. १५ च्या पुढे गेले तर कट-आउट बिघडले आहे आणि बॅटरीचे पाणी उकळून जाणार आहे. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी थेट इंजिनाच्या धातूवर टेकवून सेल्फ मारावा. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर अर्थिंग दोषी. या चाचणीला पाच मिनिटे लागतात आणि एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही.

खाऱ्या हवेचा वायरिंगवरचा मारा वेगळ्या प्रकारचा असतो. बहुतारी तांब्याच्या वायरीचे टोक उघडे राहिले की ओल त्या तारांमधून इन्शुलेशनखाली आत चढत जाते. बाहेरून वायर धडधाकट दिसते, आत तांबे काळे-हिरवे होऊन भुगा झालेले असते. मागचे दिवे याचे पहिले लक्षण दाखवतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लागतो, किंवा इंडिकेटर दिला की टेल लॅम्प लुकलुकतो. बल्ब बदलून हे थांबत नाही. दिव्याचे अर्थिंग तुटलेले असते आणि वीज दुसऱ्या दिव्याच्या तारेतून परतीची वाट शोधत असते. अशा ठिकाणी सांधा घासून, नवे रिंग टर्मिनल बसवून वर ग्रीस लावले की काम होते.

नंतर जोडलेल्या गोष्टींनी जुनी व्हॅन आणखी गुंतते. जादा हॉर्न, म्युझिक सिस्टिम, मालाच्या डब्यातले एलईडी, मोबाइल चार्जर, मागे पाहायचा कॅमेरा. प्रत्येकाने आपापली वायर मिळेल तिथे खरवडून, पीळ देऊन टेप गुंडाळलेली असते. टेपचा डिंक मे महिन्यात वितळतो आणि जुलैत त्यात पाणी शिरते. रात्री बॅटरी उतरण्याचे मूळ पुष्कळदा अशा जोडणीत असते. उभ्या, कुलूप लावलेल्या गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज पिऊ नये. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि १०० अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच दिवसांतच गाडी उचलेनाशी होते. एकेक फ्यूज काढत गेले की चोर कोणत्या सर्किटमध्ये आहे ते सापडते. मात्र जळलेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चंदेरी कागद घालण्याची सवय मोडलीच पाहिजे. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. त्याच्या जागी तार घातली की पुढच्या वेळी जळते ती वायर, आणि वायरीबरोबर गाडीही.

इंधनाच्या बाबतीत जुनी आणि नवी घराणी वेगळी वागतात. जुन्या इंजिनात सुरू व्हायला मदत करणारे हीटर प्लग असतात. वसईच्या उबदार हवेत एखादा-दुसरा प्लग मेला तरी जाणवत नाही. जानेवारीत गाडी जव्हारकडे किंवा नाशिकला मुक्कामी गेली की सकाळी पांढरा धूर आणि लांबलेला सेल्फ यांतून तो उघडा पडतो. फिल्टर बदलल्यावर गाडी बंद पडत असेल तर लाइनने हवा घेतली आहे. हवा काढूनही पुन्हा तेच होत असेल तर टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळीतल्या बारीक चिरा पाहाव्यात, कारण तिथे डिझेल बाहेर न गळता हवा आत शिरते. कॉमन रेल गाडीत फिल्टरखालचे पाणी वेळेवर सोडले नाही तर इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप यांचे नुकसान होते, आणि ते नुकसान जुन्या गाडीच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जाऊ शकते. या गाड्यांत इंजिनाचा दिवा लागला की स्कॅनरने कोड वाचावा, पण कोड म्हणजे निकाल नव्हे. तो फक्त कोणत्या सर्किटमध्ये आकडे चुकले ते सांगतो. कमजोर बॅटरीमुळे किंवा सडलेल्या अर्थिंगमुळेही तोच कोड येऊ शकतो. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या अजून जुन्या झालेल्या नाहीत, तरी त्यांचे भावी दुखणे आताच दिसते आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वतःला साफ करते ती धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापल्यावर, म्हणजे गाडी काही वेळ एकसारखी धावली तर. कोंडीतच आयुष्य काढणाऱ्या गाडीला ती संधी मुद्दाम द्यावी लागते.

पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला एक नियम इथेच सांगायला हवा. पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीचे टोक काढावे, गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर आणावी आणि एअर फिल्टर उघडून पाहावा. तो ओला असेल तर मेकॅनिकने इंजेक्टर किंवा हीटर प्लग काढून पाणी बाहेर काढेपर्यंत चावीला हात लावू नये. गाडी पाण्यातून बंद न पडता निघाली तरी सगळे संपले असे समजू नये. तापलेला मागचा अॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. आठवडाभराने क्राऊनचे ऑइल उघडून पाहावे. ते दुधाळ दिसले तर लगेच बदलावे. चाकांच्या हबचे ग्रीसही तसेच. त्या वेळी वाचवलेला एक दिवस पुढे बेअरिंग आणि क्राऊन-पिनियनच्या रूपाने वसूल होतो.

बॉडीचा गंज दिसायला क्षुल्लक वाटतो आणि शेवटी गाडीचा निकाल तोच लावतो. इंजिन उतरवून बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. पण चासीच्या आडव्या पट्ट्या, पाटे जिथे अडकतात ते ब्रॅकेट किंवा विंगरसारख्या गाडीत प्रत्यक्ष सांगाडा असलेली तळाची पेटी सडली, की वरून पत्रा मारून रंग देणे ही फसवणूक ठरते, आणि ती आपण आपल्याच चालकाची करतो. पावसाळ्याआधी आणि नंतर गाडी गोड्या पाण्याने खालून धुणे, तळातली पाणी निघायची भोके मोकळी ठेवणे, मासळीच्या गाडीत ट्रेखाली पाणी गोळा करून नळीने बाहेर सोडणे, एवढ्याने गंजाची वर्षे लांबतात.

कायद्याची बाजूही इथे मांडली आहे. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. एमएच-४८ च्या पाट्या लावलेल्या जुन्या व्हॅनचे मालक या तारखेकडे संकट म्हणून पाहतात. पासिंगच्या आदल्या आठवड्यात घाईने ब्रेक, दिवे आणि रेडियम पट्ट्या ठीकठाक केल्या जातात. त्याऐवजी वर्षातला तोच मुक्काम ठरवून गाडी खालून-वरून तपासण्याची रीत लावली, तर सरकारी तपासणीचा खर्च आपल्याच उपयोगी पडतो.

हे पुस्तक गॅरेजची जागा घेण्यासाठी लिहिलेले नाही. पंप-नोझलची बांधणी, इंजेक्टरची चाचणी, हेडचे फेसिंग, ब्रेकच्या नळ्या बदलणे ही जाणत्या कारागिराची कामे आहेत आणि ती त्यालाच द्यावीत. मालकाने करायचे ते लक्षण नेमके सांगणे. ‘गाडी बरोबर चालत नाही’ असे ऐकून मेकॅनिकला अंदाजच बांधावा लागतो. ‘कोंडीत दहा मिनिटांनी तापते, महामार्गावर थंड होते’ असे सांगितले तर तो सरळ पंख्याकडे जातो. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी लक्षणे, मग घरी करता येण्याजोग्या चाचण्या, मग स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे जाणारा क्रम आणि शेवटी गॅरेजला कोणते प्रश्न विचारायचे, अशी मांडणी त्यासाठीच ठेवली आहे.

गाडी कधी सोडून द्यावी हाही प्रश्न टाळलेला नाही. वर्षभराचा दुरुस्तीचा खर्च, गाडी बंद राहिल्याने बुडालेल्या भाड्यांची रक्कम आणि जादा गेलेले डिझेल यांची बेरीज नव्या गाडीच्या वर्षाच्या हप्त्यांजवळ पोचली, तर जुन्या गाडीवरची माया आवरावी. सांगाडा सडला असेल तर बेरीज न करताच आवरावी. पण हा हिशेब करायला नोंदी लागतात, आणि बहुतेकांकडे त्या नसतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. ही पुस्तिका वाचून झाल्यावर एक साधी वही गाडीत ठेवा. तारीख, मीटर, कोंडीत गेलेले तास, पाण्यातून गाडी नेली असेल तर तो दिवस, टाकलेले ऑइल आणि पाणी, बॅटरीचे व्होल्ट आणि झालेला खर्च त्यात लिहा. आणि गॅरेजच्या दारात उभे राहाल तेव्हा कोणताही भाग बदलण्याआधी तो मोजून घेण्याचा आग्रह धरा.